दूरच्या सहकाऱ्यांचा सांभाळ

शास्त्रपाठ : १ थेस्सलनीकाकरांस २:१७ ते ३:१०



आपल्या मराठी मंडळ्यांतली माणसे पूर्वीपासूनच विखुरलेली आहेत. एक भाऊ इंदूरला, एक बहीण बडोद्याला, मुलगा हैदराबादला आणि आईबाप बेळगावजवळच्या खेड्यात, अशी आपल्यातली कितीतरी कुटुंबे आहेत. आता कामेही तशीच विखुरली आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कचेऱ्यांना कुलपे लागली आणि पुष्कळांना घरी बसून काम करावे लागले. टाळेबंदी उठली, तरी ती रीत अनेक ठिकाणी राहिली. साहेब एका शहरात आणि हाताखालची माणसे चार शहरांत, असे आपल्या तरुणांचे चालू आहे. आपल्यापैकी काहीजण त्या हाताखालच्या माणसांत आहेत, तर काहीजण स्वतः साहेब आहेत.

मंडळीच्या कामात तर हे नवे नाहीच. एकेका पाळकाकडे चार-पाच ठिकाणच्या उपासना असतात. संडे स्कूलचे सुपरिंटेंडेंट तालुक्याच्या गावी असतात आणि शिक्षक आपापल्या खेड्यात वर्ग घेतात. समोर नसलेल्या माणसांकडून काम नीट कसे व्हावे, हा प्रश्न अशा प्रत्येकापुढे असतो. त्याचे उत्तर पवित्र शास्त्रात आहे काय? आहे, असे आम्हांस वाटते. परंतु ते सांगण्याआधी आमची स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे, कारण ती झाली नसती तर ही वचने आम्ही इतक्या लक्षपूर्वक वाचलीच नसती.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सीमाभागातल्या सात खेड्यांच्या संडे स्कूलची देखरेख होती. दर महिन्याला प्रत्येक गावी जाणे होईना, म्हणून आम्ही एक सोय केली. दर रविवारी संध्याकाळी प्रत्येक शिक्षकाने त्या दिवशी किती मुले आली तो आकडा फोनवर लिहून पाठवावा. आम्ही तो वहीत उतरून घेत असू. वही मोठी नीटनेटकी दिसे. तिच्यात एका लहान गावाचा आकडा सर्वांत नियमित असे. कधी अठरा, कधी एकोणीस. इतर शिक्षकांना आम्ही त्या ताईंचे उदाहरण देत होतो.

नाताळाच्या आधी बक्षिसे वाटायला आम्ही मंडळीच्या एका वृद्ध वडिलांना बरोबर घेऊन सकाळच्या गाडीने त्या गावी गेलो. प्रार्थनामंदिराला बाहेरून कडी होती. ओट्यावर वाळत घातलेल्या शेंगा पसरल्या होत्या. आम्ही आल्याचे ऐकून पाच-सहा मुले धावत आली. त्यांच्या मागून त्या ताई आल्या आणि दारातच रडू लागल्या. सासूबाई पावसाळ्यात पडल्या, तेव्हापासून अंथरुणाला खिळून होत्या. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. चार महिने वर्ग भरलाच नव्हता. आकडे मात्र त्या मागच्या वर्षीची हजेरी पाहून पाठवीत होत्या.

आम्हांला राग आला. देवाच्या कामात खोटेपणा! परतीच्या गाडीत आम्ही तसे बोलूनही दाखवले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, या चार महिन्यांत तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का, बाई, तू कशी आहेस?"

आम्ही फोन काढून पाहिला. तिला आम्ही पाठवलेले सगळे निरोप त्यात होते. "आकडा आला नाही." "आकडा लवकर पाठवा." "आकडा मिळाला." चार महिन्यांत दुसरा शब्द नव्हता. तिने खोटे लिहिले हे खरेच. पण खरे लिहायला आम्ही तिला जागा तरी कोठे ठेवली होती? आम्ही फक्त आकडा मागितला आणि तिने आकडा दिला.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही प्रेषित पौलाची पत्रे पुन्हा उघडली. लहानपणापासून ती आपण सिद्धांतासाठी वाचतो, तोंडपाठही करतो. त्या रात्री मात्र ती आम्ही एका देखरेख करणाऱ्या माणसाची पत्रे म्हणून वाचली. पौलाचे सहकारी केवढ्या अंतरावर पसरलेले होते! तीत क्रेत बेटात, तीमथ्य इफिसात, एपफ्रास कलस्सैच्या मंडळीत. रोमी सरकारची टपाल होती, पण ती सरकारी कामासाठी. सामान्य माणसाचे पत्र कोणी त्या बाजूला जाणारा भेटेल तेव्हा जाई. हिवाळ्यात समुद्रावरची जहाजे जवळजवळ बंद असत. असे असूनही ती मंडळी टिकली व वाढली. पौलाची रीत काय होती, ते तीन गोष्टींत पाहू.

पहिली गोष्ट, तो काम स्पष्ट सांगे आणि मग विश्वास टाके.

तीताला लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय काढा. क्रेत हे सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचे बेट. तेथे तीताला ठेवण्याचे कारण पौल एका वाक्यात सांगतो : राहिलेली व्यवस्था लावावी आणि गावोगावी वडील नेमावेत. वडील कसे असावेत हेही तो पुढे सांगतो. पण कोणत्या गावी कोणाला नेमायचे, हे मात्र सांगत नाही. ते तीताने पाहायचे. तो तेथे आहे, माणसे त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. काय करायचे आणि कोणत्या मापाने करायचे हे पाठवणाऱ्याने ठरवले. कसे करायचे ते जो जागेवर आहे त्याच्यावर सोपवले.

आपण पुष्कळदा याच्या उलट करतो. काम मोघम सांगतो आणि मग बारीकसारीक गोष्टीत हात घालतो. "जरा मुलांकडे बघा" एवढेच शिक्षकाला सांगायचे आणि नंतर गाणे कोणते घेतले, सतरंजी कोठे घातली, म्हणून विचारीत बसायचे. आजच्या काही कचेऱ्यांत तर माणूस यंत्रापुढे किती मिनिटे बसला, बोटे किती वेळ चालली, हे मोजण्याचीही सोय केलेली असते. बोटे मोजता येतात. त्या बोटांनी काय काम झाले हे तेवढ्याने कळत नाही.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचा एक दाखला आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले. त्यांना पाठवणारी संस्था अमेरिकेत बोस्टन येथे. पत्र जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जाई. प्रश्न विचारून उत्तर हाती पडायला कित्येक महिने लागत. इकडे सरकार त्यांना देशाबाहेर घालवू पाहत होते. बोस्टनला विचारून पाऊल टाकायचे म्हटले असते तर ते पाऊल टाकण्याआधीच त्यांची परत रवानगी झाली असती. राहावे की जावे, गव्हर्नरसाहेबांस काय लिहावे, हे सर्व त्यांनी प्रार्थना करून स्वतःच ठरवले. बोस्टनच्या मंडळींनी कोठे जायचे व कशासाठी ते सांगितले होते आणि माणसे पारखून पाठवली होती. पुढचे त्यांच्यावर सोपवण्यावाचून गत्यंतर नव्हते. अखेरीस त्यांना राहण्याची परवानगी मिळाली आणि त्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. आज उत्तर एका क्षणात येते. म्हणून आपण प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारूनच व्हावी असा हट्ट धरू लागलो नाही ना?

दुसरी गोष्ट, वाईट बातमी यायला तो वाट मोकळी ठेवी.

ही गोष्ट आमच्या वर्मी लागली. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र पाहा. पौल तेव्हा इफिसात आहे, करिंथ समुद्रापलीकडे. तरी तेथे भांडणे चालली आहेत हे त्याला ठाऊक आहे. कसे? ख्लोवेच्या घरच्या माणसांनी सांगितले (१:११). मंडळीनेही आपले प्रश्न लिहून विचारले होते (७:१). शिवाय स्तेफनास, फर्तुनात व अखायिक हे तिघे स्वतः येऊन भेटले (१६:१७). कानावर आलेले, कागदावर लिहिलेले आणि भेटून सांगितलेले, अशा तीन वाटांनी बातमी त्याच्यापर्यंत पोचली. त्यांतही एक गोष्ट लक्षात घ्या. कोणाकडून ऐकले ते तो उघड लिहितो. पाठीमागून कान भरणाऱ्यांवर त्याचे काम चालत नव्हते. आणि एवढी वाईट बातमी ऐकूनही त्याच पत्राच्या आरंभी त्याने या लोकांबद्दल देवाचे आभार मानले आहेत. ज्याला वाईट बातमी सांगितली तरी आपण त्याचेच राहतो अशी खात्री असते, त्यालाच माणसे खरे सांगतात.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिगत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला देणगी घेऊन तुरुंगातल्या पौलाकडे पाठवले होते. तेथे तो आजारी पडला, मरणाच्या दारी जाऊन आला. आपल्या आजाराची बातमी घरी कळली म्हणून तो अधिकच कष्टी झाला. परगावी नोकरी करणाऱ्या मुलांच्या आईबापांना हे वेगळे सांगायला नको. मुलगा म्हणतो, आईला कळवू नका, ती काळजी करील. पौलाने काय केले? सेवा अर्धवट राहिली म्हणून बोल लावला नाही. त्याला घरी पाठवले, आणि तो परत येतो म्हणजे हरला असे कोणी समजू नये म्हणून मंडळीला आधीच लिहून ठेवले की त्याला आनंदाने घ्या, त्याचा मान राखा. त्याने जिवाची पर्वा न करता काम केले, हे पौलाने जाहीर सांगितले.

पौल स्वतःची काळजीही लपवत नाही. त्रोवसात कामाचे दार उघडले असताना तीत भेटला नाही म्हणून आपल्या जिवाला चैन पडले नाही, हे तो करिंथकरांना मोकळेपणाने कळवतो (२ करिंथ. २:१२-१३). वरचा माणूस आपली अडचण सांगू शकतो, तेव्हा खालच्या माणसाला आपली सांगण्याचे धैर्य येते.

तिसरी गोष्ट, केवळ पत्रावर न राहता तो माणूस पाठवी.

आता आपल्या शास्त्रपाठाकडे येऊ. थेस्सलनीका येथे पौलाला फार दिवस राहू दिले नाही. दंगा झाला आणि रातोरात त्याला निघावे लागले. तो अथेनैस पोचला. मागे राहिलेली मंडळी अगदी नवी, आणि तिच्यावर छळ आलेला. पौलाला काळजी सोसवेना. तेव्हा अनोळखी शहरात आपण एकटे राहण्याचे पत्करून त्याने तीमथ्याला परत तिकडे पाठवले. कशासाठी? त्यांना स्थिर करावे, धीर द्यावा आणि त्यांचा विश्वास कसा आहे ते जाणून घ्यावे. धीर देणे आधी सांगितले आहे, चौकशी नंतर. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा पौलाला जणू पुन्हा जीव आला.

बंधूंनो, हा क्रम आम्ही उलटा केला होता. किंबहुना पहिला भाग आम्ही वगळलाच होता.

कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल लिहितो की माझे सर्व वर्तमान तुखिक तुम्हांला तोंडी सांगेल. एवढे मोठे पत्र लिहूनही काही गोष्टी माणसानेच माणसाला सांगायच्या असतात, हे तो जाणत होता. प्रेषित योहानानेही आपल्या दोन लहान पत्रांच्या शेवटी असेच म्हटले आहे. पुष्कळ लिहिण्यासारखे आहे, पण कागद व शाई नको, भेटूनच बोलू. आज कागद-शाईच्या जागी फोनचा पडदा आला, एवढाच फरक. पडद्यावर चेहरा दिसतो. पण दाराला लावलेली कडी आणि ओट्यावर पसरलेल्या शेंगा त्यात दिसत नाहीत.

जेथे जाणे अगदीच शक्य नव्हते, तेथेही पौलाने माणसांना माणसे म्हणूनच ओळखले. रोमच्या मंडळीला लिहिले तेव्हा तो त्या नगरीत गेलेलाही नव्हता. तरी शेवटच्या अध्यायात वीसपेक्षा अधिक जणांना तो नावानिशी सलाम सांगतो आणि कित्येकांविषयी एखादी खास गोष्ट लिहितो. कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी फार श्रम केले, कोणाची आई त्यालाही आईसारखी झाली. आपल्या वहीत आकड्यांशेजारी अशी एखादी ओळ आहे काय?

येथे कोणी म्हणेल, असे मऊपणे वागून कामे होतात काय? प्रश्न रास्त आहे. पौल मऊ नव्हता. अर्खिप्पाला सेवा पूर्ण करण्याविषयी त्याने सर्व मंडळीदेखत आठवण दिली आहे. करिंथकरांना तर त्याने एकदा असे कडक पत्र लिहिले की पाठवल्यावर त्याचे त्यालाच काही काळ वाईट वाटले. शिस्त ही प्रीतीचाच भाग आहे. आणि इतके करूनही सर्वच साधले असे नाही. देमास सोडून गेला. मार्काने तर पहिल्याच प्रवासात साथ सोडली आणि त्याच्यावरून पौल व बर्णबा यांच्यात वितुष्ट आले. पण आयुष्याच्या शेवटी पौल ज्याला बोलावून घेतो, तो हाच मार्क. सेवेसाठी तो आपल्याला उपयोगी आहे, असे तो तीमथ्याला कळवतो. एकदा चुकलेल्या सहकाऱ्याचे नाव त्याने वहीतून कायमचे खोडले नव्हते.

तर मग आपण काय करावे? संडे स्कूलच्या सुपरिंटेंडेंटांना, पाळकांना, आणि कचेरीत दूरची माणसे सांभाळणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना आम्ही शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

काम एका कागदावर मावेल इतके स्पष्ट लिहून द्या, आणि त्यातले काय त्यांनी स्वतः ठरवायचे तेही लिहा. आकडा मागण्याआधी माणसाची चौकशी करा, आणि उत्तर ऐकायला वेळ ठेवा. वर्षातून निदान एकदा प्रत्येकाच्या गावी जा. बक्षिसे वाटायला जाऊ नका, नुसते बसायला जा. आणि कोणी थकले, कोणाच्या घरी दुखणे आले, तर आधी बदली माणूस पाहा. पौलाने तीताला भेटीस बोलावले, पण अर्तमा किंवा तुखिक क्रेतास पोचल्यावर मग ये असे सांगितले (तीत ३:१२). काम उघडे टाकून कोणाला निघावे लागू नये आणि काम आहे म्हणून कोणाला अडकून पडावे लागू नये, या दोन्हींची त्याने सोय केली.

शिक्षकहो, तुम्हांलाही एक विनंती. तुमच्या सुपरिंटेंडेंटांनी विचारले नाही तरी खरे सांगा. वर्ग भरला नाही तर भरला नाही असे लिहा. ओझे लपवल्याने ते हलके होत नाही. खोट्या आकड्याने तुम्ही आपणच आपल्या मदतीची वाट बंद करता.

त्या ताईंकडे आम्ही पुढल्या आठवड्यात पुन्हा गेलो, या वेळी पत्नीला बरोबर घेऊन. आधी आम्ही क्षमा मागितली, मग त्यांनी मागितली. शेजारच्या गावचा एक तरुण काही महिने वर्ग घ्यायला तयार झाला. पुढे सासूबाई प्रभूकडे गेल्या आणि ताईंनी वर्ग पुन्हा हाती घेतला. दरम्यान काही घरे गाव सोडून गेली होती, त्यामुळे मुले कमी झाली. आता रविवारी संध्याकाळी त्यांचा आकडा येतो तो कधी चार असतो, कधी सात. पण तो खरा असतो, आणि त्याच्या आधी दोन ओळी घरच्या हालहवालाच्या असतात.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू. त्यानेही आपल्या शिष्यांना दोघादोघांना करून दूर पाठवले होते. ते परत आले आणि आपण काय केले व काय शिकवले ते सर्व त्यांनी त्याला सांगितले. मार्काच्या सहाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. अहवाल ऐकून प्रभू प्रथम काय म्हणाला? किती गावे झाली, किती राहिली, हे त्याने विचारल्याचे तेथे लिहिलेले नाही. तुम्ही एकांती या आणि थोडे विसावा, या अर्थाचे त्याचे बोलणे तेथे आहे, कारण त्यांना जेवायलाही सवड झाली नव्हती. थकलेला चेहरा ज्याला दिसतो असा हा धनी आहे.

आणि देवबापानेही आपला सांभाळ दुरून केला नाही. त्याने संदेष्टे पाठवले, वचन पाठवले, आणि काळाची पूर्णता झाली तेव्हा आपला पुत्रच आपल्या वस्तीत पाठवला. तो आला, आपल्यात राहिला आणि आपले दुखणे त्याने आपल्या अंगावर घेतले. ज्यांचा असा सांभाळ झाला आहे, त्यांनी आपल्या हाती सोपवलेल्यांचा सांभाळ नुसत्या आकड्यांनी कसा करावा?

येत्या रविवारी वही उघडण्याआधी एका दूरच्या सहकाऱ्याला फोन करू या आणि कामाचा शब्द न काढता तो कसा आहे एवढेच विचारू या. प्रभू आपणां सर्वांस ऐकणारे कान व खरे बोलणारी जीभ देवो. आमेन.